दोन दाते कमी

"पुढच्या स्प्रॉकेटचे दोन दाते कमी करायचेत. एवढं सोपं काम, त्यात विचारायचं काय, वस्ताद?"

"आत्ता किती हायत?"

"चौदा. कंपनीचे चौदाच असतात. त्याचं बारा करा."

"चौदा... बरं."

कोल्हापुरातल्या एका गल्लीतलं दस्तगीर वस्तादांचं गॅरेज. वस्ताद सत्तरीचे. विचारणारा ऋतुराज चौगुले, याच फरशीवर चार वर्षं बसून काम शिकलेला. आता तो शर्यतीत एटीव्ही चालवतो. चार जाड चाकांची, बुटकी, उघडी गाडी; तिची साखळी ज्या दातेरी चाकांवर फिरते ती स्प्रॉकेटं. गाडी मालकाची, मिजास मात्र याची.

दगडखाणीच्या चढावरच्या शर्यतीत तो दोनदा हरला होता. दोन्ही वेळा सांगलीच्या पाटोळेकडून, आणि दोन्ही वेळा सुटतानाच मागं पडला. मालकानं तोंडावर सांगितलं होतं, या रविवारी हरलास तर गाडीवर दुसरा बसेल.

"मागचं स्प्रॉकेट मोठं लावलं तरी पिकप वाढतोय की," वस्ताद म्हणाले.

"मला नका शिकवू. मागचं मोठं केलं की ते खाणीतल्या दगडाला घासतंय. पुढचं लहान करायचं, काम खल्लास."

बरोबर होतं ते. शिकवलं वस्तादांनीच होतं. शिकून झालं की शिकवणाऱ्यालाच शिकवायला येतात असले.

"पिकप मिळंल. वरचा वेग जाईल. अर्ध्या चढावर गाडी नुसती बोंबलंल."

"बोंबलू दे. मला पहिले शंभर फूट पायजेत. तिथंच मार खातोय."

"कोण? तू का गाडी?"

"गाडीच की! माझ्यात काय कमी हाय?"

वस्ताद उठले.

गाडी मागच्या फरशीच्या अंगणात काढायला लावली. तिच्या उजवीकडं, दोन हातांवर, एक लाकडी स्टूल आणून ठेवलं.

"हे काय?"

"पाटोळे."

ऋतुराज फिदीफिदी हसला. "लई वाळला की हो पाटोळे."

"दात काढू नकोस. चालू कर. पहिला गिअर टाक, क्लच दाबून धर. हे खाली पडलं की सोड."

वस्तादांच्या हातात बारा दात्यांचं नवं स्प्रॉकेट होतं. ते पुढं जाऊन भिंतीकडेला उभे राहिले.

स्प्रॉकेट फरशीवर खणकन पडलं. गाडी सुटली, पण उशिरा.

"परत."

परत पडलं. परत उशीर.

तिसऱ्यांदा वस्तादांनी हात वर केला तो तसाच धरून ठेवला... बराच वेळ. मग सोडलं.

गाडी जागची हललीच नाही. ऋतुराजची मान उजवीकडं वळलेली. डोळे स्टुलावर.

"गेलं बघ स्टूल," वस्ताद म्हणाले. "वर पोचलंसुद्धा."

ऋतुराजनं इंजिन बंद केलं. कानापर्यंत लाल झाला होता.

"मी त्याचा क्लचवरचा हात बघतोय," तो हळूच म्हणाला. "त्यानं सोडला की मी सोडतो."

"आणि सुटायचा झेंडा?"

ऋतुराज गाडीवरून खाली उतरला.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला पायजे? दोन्ही शर्यतींना पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो."

"तुम्ही आलता? मला दिसला न्हाई..."

"तू मागं बघत न्हाईस. बाजूला बघतोस."

एवढ्यावर गप्प बसेल तर तो ऋतुराज कसला.

"मान मी सांभाळतो, वस्ताद. पण दाते कमी कराच. गाडीनं ओढलं पायजे. रविवारी हरलो तर घरी बसावं लागंल मला."

वस्तादांनी पाना पुढं केला.

"स्प्रॉकेटचं कव्हर काढ. आधी दाते मोज."

त्यानं कव्हर काढलं. एका दात्यावर खडूनं खूण केली, चाक फिरवत मोजले. थांबला. परत पहिल्यापासून मोजले.

"तेरा?"

"हं."

"चौदा होते हो..."

"मागल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मालक गाडी घेऊन आलता. त्यालाबी पिकपच पायजे होता. मी एक कमी करून दिला."

ऋतुराज तिथंच, तेलकट फरशीवर बसला.

"म्हणजे मागल्या वेळी मी तेराच्यावर हरलो."

त्यानं खडूची खूण अंगठ्यानं पुसली.

"त्या दिवशी गाडी जरा उठत होती खरी... मला वाटलं, माझा हात बसला."

वस्ताद हसलेसुद्धा नाहीत. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

आता ऋतुराजच्या आवाजात मिजास नव्हती. नुसती रविवारची भीती होती.

"मग आता तेरा ठेवू, का बारा लावू, वस्ताद?"

वस्तादांनी खाली पडलेलं स्प्रॉकेट उचललं. सदऱ्याला पुसलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"गाडीवर बसल्यावर तुला कळतील तेवढे लाव."