पुसणाऱ्यांचे राज्य

कुर्र, कुर्र, आणि मग खस्स. फार वर्षांपूर्वी ऐकलेला आवाज आहे, पण अजून कानातून जात नाही. धूळपाटीवर काडी चालते ती कुर्र, आणि लिहिलेले मनास न आल्याने तळहाताने पुसले जाते ते खस्स. एका राज्यात हा आवाज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चाले, आणि त्या आवाजापायीच ते राज्य नाहीसे होत चालले होते. कसे, ते सांगतो. सावकाश सांगतो, मला भरभर येत नाही.

त्या राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता आणि त्याची मोठी लेखनशाळा होती. तिथले लेखनिक इतके चोखंदळ, की पहिले वाक्य मनासारखे उतरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत. लिहायचे, पुसायचे. पुन्हा लिहायचे, पुन्हा पुसायचे. डोंगरावर राहणारा जादूगार धूम्राक्ष एकदा त्यांच्याकडे आला. त्याला वाचता येई, पण लिहिता येत नसे. "माझ्या आईला पत्र लिहून द्या," तो म्हणाला. "मी भेटायला येतोय, एवढंच कळवा." लेखनिक पहिल्या वाक्याशी सात महिने झगडले. आठव्या महिन्यात बातमी आली, की म्हातारी वाट पाहून गेली. तेव्हा धूम्राक्षाने शाप दिला: "तुमच्या पाट्या जशा कोऱ्या, तसं तुमचं राज्य कोरं होईल."

दुसऱ्या दिवशी राजवाड्यासमोरची विहीर पांढरी पडली आणि दिसेनाशी झाली. मग चिंचेचे झाड गेले, मग पूल गेला, मग माणसे जाऊ लागली. आधी बोटे पांढरी होत, मग हात, मग गळा. तिसऱ्या दिवशी त्या जागी काहीच नसे.

धूम्राक्षाने एकच वाट ठेवली होती. जो कोणी त्याच्यासमोर बसून तीन कामे करील, आणि त्यांतल्या शेवटच्या कामात आपल्या माणसाविषयी खरे आणि पुरे असे एक पान लिहील, त्याला ते माणूस परत मिळेल. बारा लेखनिक डोंगर चढले. बाराही जण कोरा कागद घेऊन उतरले.

आवडी ही दोर वळणाऱ्या राहीची मुलगी. लेखनशाळेत येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. एका सकाळी अंगणात दोर वळताना राहीची बोटे पांढरी झाली. दोर सुटला, राही मातीत पडली, आणि दुपारपर्यंत पांढरेपणा मनगटाला आला.

आवडी धावत मुख्य लेखनिक सखोपंतांकडे गेली. "पंत, मला डोंगरावर जाऊ द्या."

"तू?" पंत म्हणाले. "तुला अजून श्री धड काढता येत नाही."

"तुम्हाला येतो ना, पंत? मग तुम्ही काय लिहून आणलंत?"

पंत त्या बारांपैकी एक होते. त्यांनी खाली पाहिले आणि बोरू व चार कागद काढून दिले. शाईची दौत राजाने स्वतः आणून दिली. त्याचा डावा हात शेल्याखाली लपवलेला होता, पण आवडीने तो पाहिला. तोही पांढरा होता.

"मुली, घाई कर," राजा म्हणाला. एवढेच.

वाटेत एक टिटवी तिच्या पुढे उडू लागली. त्या राज्यातल्या टिटव्या बोलत, आणि बोलत ते काळजीचेच. "चल गं, चल गं. तिथे कड्यावरून तुझं अंगण दिसतं. मी पाहून आले. कोपरापर्यंत आलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडी वर पोहोचली. धूम्राक्ष एका सपाट शिळेवर बसला होता. त्याने शेजारच्या कुंडातल्या पाण्यावर तांब्याची वाटी ठेवली. वाटीच्या बुडाला सुईएवढे भोक होते.

"पहिलं काम," तो म्हणाला. "ही वाटी बुडेपर्यंत लिही. हात थांबला तर उतर. पुसलंस तरी उतर."

"काय लिहू?"

"मनात येईल ते."

आवडीने बोरू टेकवला आणि तिचे मन पार रिकामे झाले. हात थांबायला आला तशी तिने तेच लिहिले: सुचत नाही, सुचत नाही, भीती वाटते, वाटी भरतेय, आईच्या पदराला अंबाडीचा वास येतो, तिला कारल्याची भाजी आवडते, आम्हाला नाही, सुचत नाही, ती मला गाढवे म्हणते. अक्षरे वाकडी आली. एक शब्द दोनदा पडला. तिचा तळहात सवयीने पुसायला निघाला. तिने तो गुडघ्याखाली दाबून धरला. दोर वळायला बसल्यावर आई काय म्हणायची, ते तिला आठवले. 'आधी अंबाडीचे सगळे तंतू उपसून ढीग कर. ढीग घाणेरडाच दिसतो, त्याला कोणी हार घालत नाही.'

वाटी बुडाली. कागद काळा झाला होता.

"ढीग झाला," धूम्राक्ष म्हणाला. "दुसरं काम. यातलं कामाचं तेवढं ठेव."

"कामाचं कोणतं, ते कसं ओळखू?"

"ते मला ठाऊक असतं, तर मी तुमच्या लेखनशाळेत कशाला आलो असतो?"

आवडीने शिळेवर मधोमध एक खडा ठेवला. हा आई. कागदाचे तुकडे करून तिने एकेका तुकड्यावर एकेक गोष्ट राहू दिली. मग पदराची टोके उसवून दोरे काढले आणि खड्यापासून एकेका तुकड्यापर्यंत टाकले. जी गोष्ट दुसरीला लागून होती, तिथे आणखी एक दोरा. कारल्याची भाजी एकटीच पडली. ती तिने उचलली. 'गाढवे' हा तुकडा राहिला. मग ती स्वतःलाच विचारू लागली. कोण होते? काय झाले? कुठे, केव्हा, कसे, का? प्रत्येक उत्तराला नवा दोरा. हळूहळू बहुतेक सगळे दोरे एकाच जागी येऊन गुंतले. कालची सकाळ, अंगण, दोर.

 तिने त्या जागेवर तळहात ठेवून ती झाकली.

"खांद्यापर्यंत!" टिटवी कड्यावरून ओरडली. "अगं, खांद्यापर्यंत!"

"तिसरं काम," धूम्राक्ष म्हणाला. "पान लिही."

आवडीने लिहिले: माझी प्रेमळ आई. अंगणातली सोनेरी सकाळ. अंबाडीचा लांब दोर.

धूम्राक्षाने वाचले. "इथे कोणीच काही करत नाही. नुसती नावं मांडलीस."

आवडीला ते पटले. दोराचे एक टोक कोणीतरी धरावे लागते आणि दुसरे कोणीतरी फिरवावे लागते. एकाच टोकाने वळ बसत नाही. वाक्यातही कोणीतरी हवे, आणि त्याने काहीतरी करायला हवे. तिने दुसरा कागद घेतला. आई दोर वळत होती. तिची बोटे पांढरी झाली. दोर सुटला. आई पडली.

वाक्ये साधी होती आणि आपल्या पायांवर उभी होती. तरी ती मोठ्याने वाचता वाचता शाई फिकी होऊ लागली. 'दोर सुटला' ही अक्षरे सगळ्यांत आधी गेली.

"गळ्यापर्यंत!" टिटवी ओरडली.

"का जातंय?" आवडी रडत म्हणाली. "पुरं लिहिलंय! खरं लिहिलंय!"

"दोर आपोआप सुटला?" धूम्राक्षाने विचारले.

  मग आवडीने शेवटचा कागद ओढला आणि एका दमात लिहिले.

"आई दोर वळत होती. दुसरं टोक माझ्या हातात होतं. तिची बोटं पांढरी झालेली पाहून मी घाबरले. मला वाटलं, ते दोरातून माझ्याकडे येईल. मी दोर सोडला. आई पडली. तिने हात पुढे केला, तरी मी तिला उचललं नाही."

हे तिने वाचले. या वेळी शाई काळीच राहिली.

टिटवी कड्यावरून झेपावली, गिरकी घेऊन परत आली. "उभी आहे! अंगणात उभी आहे, दोन्ही हात कमरेवर! विचारतेय, ती गाढवी अर्धा दोर टाकून कुठे उलथली?"

आवडी हसली, आणि हसता हसता शिळेवर डोके टेकून खूप रडली. 

रडणे ओसरल्यावर तिने विचारले, "आजोबा, राजाचा हात? बाकीची माणसं?"

"त्यांची पानं त्यांनी लिहावी."

"त्यांना वेळ उरला नाही."

"माझ्या आईलाही नव्हता."

आवडीने नाक पुसले. "तिचं गाव किती लांब होतं?"

"तीन दिवसांची वाट."

"तीन दिवसांची." ती थोडे थांबली. तिला विचारायची भीती वाटत होती, तरी तिने विचारले. "मग आजोबा, सात महिने तुम्ही पत्रासाठी का थांबलात? तुम्ही स्वतः का नाही गेलात?"

धूम्राक्षाने बुडालेली वाटी पाण्यातून काढली आणि हातात धरून ठेवली. 

"सांगा," आवडी हळूच म्हणाली आणि तुकड्यांतला एक तुकडा उलटा करून तिने पुढे ओढला. "मी लिहिते. पहिलं वाक्य कसंही असलं तरी चालेल."

"लिही, मीच गेलो नाही," तो म्हणाला. मग त्याने दरीकडे हात उचलला. खाली विहीर दिसली, तिच्यात पाणी दिसले. चिंच आली, पूल आला, पुलावर माणसे आली आणि आपण कुठे निघालो होतो, ते एकमेकांना विचारू लागली. राजाने शेल्यातून हात बाहेर काढला आणि उन्हात धरला. पुढे त्या लेखनशाळेत असा नियम झाला, की वाटी बुडेपर्यंत कोणी पाटी पुसायची नाही, आणि पहिले काही दिवस सखोपंतांनाच तो सगळ्यांत जड गेला. पण ते नंतरचे.

तेव्हा डोंगरावर एवढेच झाले. धूम्राक्ष उठला. काठी घेतली नाही, झोळी घेतली नाही. राज्याकडे उतरणारी वाट सोडून तो पलीकडच्या बाजूला वळला, जिकडे तीन दिवसांवर त्याच्या आईचे गाव होते. आवडी पुढच्या वाक्यासाठी बोरू शाईत बुडवून बसली होती. तिच्याजवळून जाताना त्याने एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चालू लागला.