गरुडाच्या तीन प्रती

एका गावात एक भोळा मामा होता. नाव निवृत्ती. तसा तो एकट्या केतकीचा मामा, पण सगळ्या आंबेरी गावानं त्याला मामाच करून टाकलं होतं. बहिणीच्या घरी राहायचा, सांगाल ते काम करायचा. अडचण एवढीच, की जेवढं सांगाल तेवढंच करायचा आणि जसं सांगाल तसंच करायचा.

भाची केतकी कोल्हापूरच्या कॉलेजात शिकत होती आणि पत्ते खेळत होती. राजा-राणीचे नव्हेत. 'रणझुंज' नावाच्या खेळाचे. त्यात प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी, प्रत्येकाचं बळ वेगळं. पाकीट विकत घ्यायचं, आत काय निघेल ते नशीब. केतकीला एकदा 'वादळी गरुड' निघाला होता. असा गरुड राज्यात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. सांगलीचा एक जण त्याच्या बदल्यात मोटारसायकल द्यायला दारात आला होता. केतकीनं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तिच्या वडिलांना, अप्पांना, हे समजेना. त्यांच्या लेखी पत्ते म्हणजे पत्ते.

"पारावर कुटणारे काय कमी होते, म्हणून घरातली पोरगी कुटायला लागली? यंदाची स्पर्धा जिंकून आलीस तर ठीक. नाहीतर सगळी चवड बंबात घालीन. अंघोळीचं पाणी तरी तापेल."

केतकीला ठाऊक होतं, अप्पा बोलतात ते करतात.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली, तेव्हा ओसरीवर बसून मामाला खेळ शिकवायची. एकदा मामा नव्या पाकिटाला दात लावू लागला, तशी ती ओरडली, "मामा, थांब! न फोडलेल्याला किंमत असते. फोडलं की गेली."

"फोडलं की गेली," मामानं घोकलं.

दुसऱ्याच दिवशी गावात रस्त्याचं भूमिपूजन होतं. या रस्त्याचा नारळ दर निवडणुकीला फुटायचा. रस्ता तर कायमच फुटलेला. सभापती आले, हार झाले, भाषणं झाली. नारळाचं ताट मामाच्या हातात होतं. सभापतींनी हात पुढं केला. मामानं ताट मागं घेतलं.

"अरे, दे की नारळ!" सरपंच कुजबुजले.

"द्यायचा नाही. फोडला की किंमत गेली."

"कुणाची?"

"फोडणाऱ्याचीबी जात असेल."

सभापती लालबुंद झाले. मामा नारळ पोटाशी धरून शेतातून पळाला. मागं धोतर सावरत सरपंच. बांधावर गाठून त्यांनी मामाला झापलं. "गाढवा, अशी वस्तू चारचौघांत दणकन आपटायची असते! मग लोक टाळ्या वाजवतात!"

"चारचौघांत दणकन," मामानं घोकलं.

पुढच्या बाजारी आक्कानं, म्हणजे त्याच्या बहिणीनं, माठ आणायला पाठवलं. मामानं दहा माठ वाजवून पाहिले, त्यातला खणखणीत निवडला आणि डोक्यावर घेऊन घरी आला. दारात शेजारणी बोलत उभ्या होत्या. चारचौघी बघून मामाला बरं वाटलं. त्यानं माठ दोन्ही हातांनी उंच उचलला आणि उंबऱ्यावर दणकन आपटला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामानं थोडा वेळ वाट बघितली आणि स्वतःच वाजवल्या.

"मुडद्या!" आक्का किंचाळली. "घराला तेवढा एकच माठ होता रं!"

केतकी हसून हसून खाली बसली. मग तिला मामाची दया आली. "मामा, आमच्या पत्त्यांत कसं असतं सांगू? एकच असेल तर जिवापाड जपायचं. सारखे दोन आले, तर एक स्वतःला ठेवायचा आणि दुसरा कुणाशी तरी बदलून घ्यायचा. आपल्याकडं नसलेला."

"सारखे दोन असले की एक बदलायचा," मामानं घोकलं. हे त्याला फारच पटलं.

सुट्टी संपली, केतकी कोल्हापूरला गेली. होस्टेलवर नाही नाही त्यांचे हात लागतात, म्हणून गरुड घरी, आक्काच्या लोखंडी पेटीत राहिला.

मग शेजारच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले. आत कांदेपोहे चालले होते. बाहेर चपलांवर लक्ष ठेवायला मामाला बसवलं होतं. मामानं लक्ष ठेवलं. बघतो तर काय, प्रत्येक माणसाचे दोन-दोन, अगदी सारखे! एवढे शिकलेले लोक आणि एवढा साधा नियम ठाऊक नाही. मामानं प्रत्येक जोडातला एक-एक उचलला आणि गल्लीत फिरून, दारोदारच्या पायऱ्यांवरून बदलून आणला.

पाहुणे बाहेर आले. नवऱ्या मुलाच्या एका पायात बूट, दुसऱ्यासाठी शेणानं भरलेला गमबूट. त्याच्या आत्याची एक मखमली चप्पल आणि एक लाकडी खडाव. नवऱ्या मुलाचे वडील सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांच्या डाव्या कोल्हापुरीशेजारी चालताना पीं-पीं वाजणारा लहान पोराचा सँडल होता.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," मामा अभिमानानं म्हणाला. "आता तुमच्याकडं दोन वेगळे आहेत. आधी एकाच जातीचे होते."

"मूर्खा! कुणाची वस्तू, कसली खात्री, काही विचारलंस? तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बस जरा! म्हणजे कळेल कामं कशी होतात!"

मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसला.

तिथं बाकावर बसणाऱ्यांना कुणी विचारत नाही. तिथली ती रीतच आहे. काही माणसं त्या बाकावर तरुण बसली आणि म्हातारी होऊन उठली. मामा संध्याकाळपर्यंत बसला आणि टेबलामागचे साहेब काय सांगतात ते ऐकत राहिला. साहेब सगळ्यांना एकच सांगत होते.

"नुसता कागद घेऊन आलात होय? असा चालतो? तीन प्रतींत आणा. एवढंसं चिटोरं फाइलीत हरवतं, मोठ्या कागदावर डकवा. प्रत्येक प्रतीवर सही-शिक्का. एक प्रत इथं जमा करायची आणि पोच घ्यायची. पोच नसेल, तर तुम्ही जन्मालाच आला नाहीत असं समजा."

"आणि हे सगळं केल्यावर, साहेब?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मग तुमच्या कागदावर शंका घ्यायची कुणाची टाप नाही."

मामाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की जगाची किल्ली सापडली.

त्याच आठवड्यात केतकीचा फोन आला.

"मामा, मी अंतिम फेरीत आलेय! शनिवारी दुपारी सामना. पेटीतला गरुड घेऊन ये. त्याच्याशिवाय मी हरणार बघ. आणि ऐक, खोटे पत्ते फार निघालेत. इथल्या परीक्षक बाई फार कडक आहेत. खात्री पटल्याशिवाय पत्ता आत घेत नाहीत. काही कमी राहायला नको."

"काही कमी राहणार नाही," मामा म्हणाला. "कुणाची शंका घ्यायची टाप नाही."

"मामा, तू फक्त घेऊन ये."

पण मामा आता शहाणा झाला होता. शुक्रवारी सकाळी गरुड छातीशी धरून तो तालुक्याला उतरला. झेरॉक्सवाला दुकानाबाहेर पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता.

"लाइट नाही मामा. संध्याकाळी या."

संध्याकाळी ऑफिस बंद. मामा पायरीवर बसून खूप वेळ विचार करत राहिला. शेवटी त्याला मार्ग सुचला. शेजारच्या शिंप्याकडं जाऊन त्यानं आपलं काम करून घेतलं आणि ऑफिसात गेला. साहेब फोनवर जावयाच्या बदलीचं बोलत होते. समोर काय आलंय हे न बघता शिक्का मारायचं कसब त्यांनी नोकरीभर कमावलं होतं. त्यांनी धाड, धाड, धाड शिक्के मारले, सह्या केल्या आणि एक प्रत ठेवून घेतली. मामा पोच घेतल्याशिवाय हलला नाही.

शनिवारी कोल्हापूरच्या स्टँडवर त्यानं राहिलेलं कामही उरकलं. लॅमिनेशन.

सभागृह गच्च भरलं होतं. केतकी दारातच उभी होती. पलीकडं प्रतिस्पर्धी आपले पत्ते पिसत बसला होता. घड्याळाखाली परीक्षक बाई बसल्या होत्या, नाकावर चष्मा.

"मामा! आणलास?"

"आणला. चल त्या बाईंकडं. बघू कशी शंका घेतात."

मामानं पिशवीतून चकचकीत प्लास्टिकमधला भलामोठा कागद काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. कागदाच्या मधोमध गरुडाची चोच होती. डोळ्यावर जांभळा गोल शिक्का होता. खाली दुसरा शिक्का : 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल'. त्याखाली साहेबांची झोकदार सही.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नक्कल?"

"एक नंबर खरी," मामा म्हणाला. "सही ताजी आहे."

केतकी कागदावर वाकली. "मामा... हे नुसतं डोकं आहे. गरुड कुठाय?"

"हा काय गरुड. ही पहिली प्रत." मामानं दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. "पंख या प्रतीत आहेत."

सभागृहात कुणीतरी खोकलं. प्रतिस्पर्धी पत्ते पिसायचा थांबला.

"तू... कापलास?"

"लाइट नव्हती गं. झेरॉक्स बंद. पण तीन प्रती तर लागतातच. शिंप्याची मोठी कात्री घेतली, पट्टी लावली आणि काढल्या. बघ, एका सुताचा फरक नाही."

केतकीला डोळ्यांपुढं अप्पांचा बंब धडधडून पेटलेला दिसला. ती खुर्चीवर बसली. ज्या पत्त्यासाठी माणूस मोटारसायकल घेऊन दारात आला होता, त्याची चोच एका कागदावर होती आणि पंख दुसऱ्यावर. परीक्षक बाई कडक खऱ्या, पण त्याही बाईमाणूसच. त्यांनी दोन्ही कागद जवळ सरकवले, जोडून बघितले आणि हळूच विचारलं, "काका, तिसरा तुकडा तरी द्या. निदान तिला घरी नेऊन चिकटवता येईल."

"तो कसा देणार?" मामा चकित झाला. एवढ्या शिकलेल्या बाई आणि त्यांना एवढं ठाऊक नसावं! "पाय आणि शेपूट ऑफिसात जमा आहे. पण तुम्ही मुळीच घाबरू नका."

त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि पोच काढून टेबलावर ठेवली.

ती मात्र अख्खी होती.