भिंतीवरचा रानबा

शर्वू, पाय पांघरुणात घे. बाब्या, तूही पड. काल तुमच्या आईनं ज्याच्या नावानं तुम्हाला दटावलं ना, त्याचीच गोष्ट आज सांगते. मुकाट्यानं ऐकायची.

डोंगराखाली एक गाव होतं आणि त्या गावात होता एक मांत्रिक, रानबा. दिसायला कसा होता, ते मागाहून सांगते. त्याची जादू एवढीच, की गावाचा झरा आटला की एक हात झऱ्यात घालायचा आणि दुसरा गावातल्या कुणाच्या तरी हातात द्यायचा. मग पाणी यायचं. कुणी हात धरला नाही तर काही नाही, बरं का. पुढे रानबा म्हातारा झाला. म्हणाला, "मी डोंगरात जाऊन झोपतो. झरा आटला की हाक मारा."

गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग कुंभारणीनं झऱ्याजवळच्या भिंतीवर चुन्यानं त्याचं चित्र काढलं, अगदी हुबेहूब. दर शिमग्याला भिंत सारवायची आणि चित्र नव्यानं काढायचं असं ठरलं. सारवलं की जुनं जायचं, तिथंच सगळा घोळ झाला.

कुंभारीण गेली. तिची सून म्हणाली, एवढा मोठा मांत्रिक आणि असा बुटका? तिनं त्याला ताडमाड केला, वर छातीपर्यंत दाढी दिली. मग तिची सून आली, सालू. पोरं झऱ्याचं पाणी गढूळ करायची, ऐकायची नाहीत. म्हणून सालूनं त्याला कुंकवाचे लाल डोळे काढले आणि हे एवढाले सुळे. झालं, घरोघरी आया म्हणू लागल्या, "झोपतोस की बोलावू रानबाला?"

आणि मग झरा आटला. विहिरी आटल्या. सालूला तान्हं बाळ होतं, तिचं दूधही आटलं. पोर रडून रडून मलूल झालं. सगळ्यांनी डोंगराकडे तोंड करून हाक मारली, तसा रानबा डोळे चोळत खाली आला.

"आटला होय रे? द्या बघू कुणीतरी हात."

लोकांनी त्याच्याकडे पाहिलं न पाहिलं आणि भिंतीकडे बघितलं. पाटील म्हणाले, "तू कसला रानबा? सुळे कुठायत तुझे?" रानबानं सुताराकडे हात केला, सुतार मागे सरला. मग सालूकडे केला. ती म्हणाली, "बाबा, आमच्यावर वेळ काय आलीय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय?"

मग बिचारा भिंतीपुढे उभा राहिला, चित्र नीट बघून घेतलं आणि तोंडावरून हात फिरवला. झाला की तस्सा. तेव्हा तर सगळे पळालेच, दारांना कड्या घातल्या. आता करायचं काय त्यानं, सांगा. हात पुढे करून झऱ्याशी बसून राहिला.

उन्हं कलल्यावर सालू आली. पोर काखेत. डोळे गच्च मिटून तिनं हात धरला. हात चांगला ऊबदार होता, घरच्या म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. मग झऱ्याला पाणी आलं.

रानबा म्हणाला, "लेकी, आता मी कसा होतो ते सांग. गावातल्या माणसानं सांगितल्याशिवाय माझं तोंड मला परत मिळत नाही."

"बुटके होतात," सालू म्हणाली.

"हं. आणखी?"

सालू आठवू लागली. गाव गोळा झालं, तेही आठवू लागलं. सकाळी समोर उभा होता गं, पण सगळे भिंतीकडे बघत होते ना. कुणाला नाक सांगता येईना, कुणाला कपाळ. सालू रडायला लागली.

"राहू दे," रानबा म्हणाला. "आधी पाणी पी, पोराला पाज." आणि ते सुळे घेऊनच डोंगर चढून गेला.

सालूनं भिंत सारवली आणि चुन्यात हात बुडवून नुसता एक पंजा उमटवला. तेवढंच तिला ठाऊक होतं. पाणी पुरलं, पोर वाढलं, गाव सुखानं नांदलं. तो मात्र तिकडे तसाच. मला फार वाईट वाटतं बघा त्याचं.

कसा दिसायचा म्हणता? ते कुणालाच ठाऊक नाही रे. उद्या तुमच्या आईशी बोलते मी, रानबाच्या नावानं या घरात कुणाला भिववायचं नाही. आता मिटा डोळे. आणि हात द्या इकडे, दोघांनीही.