महाराजांचा दम आणि वाटीतला नाकतोडा

रणधवल महाराज बुडी मारून वर आले आणि पाहतात तर काय, सटवा माळी अजून नाक दाबून उभा!

दरबाऱ्यांचं धाबं दणाणलं. महाराजांना आपल्या दमाचा भारी अभिमान. रोज सकाळी ते बागेतल्या हौदात बुडी मारत, तेव्हा काठावरच्या सगळ्यांनी नाक दाबून उभं राहायचं आणि महाराज वर यायच्या आत "हरलो, हरलो!" म्हणत धापा टाकायच्या, असा रिवाज होता. प्रधानजी तर नाक दाबायच्या आधीच धापा टाकू लागत. सटवा मात्र जास्वंदीवर पडलेली मावा कीड बघता बघता नाक सोडायचंच विसरला.

"आमच्यावर मात करतोस?" महाराज गरजले. "मग आमच्याहून दमदार जीव उद्या आणून दाखव! डोकं पाण्यात घालून आमच्यापेक्षा जास्त टिकला पाहिजे. मासा, बेडूक, मगर असलं पाण्यातलं काही चालणार नाही. नाही आणलास, तर बायकापोरांसह राज्याबाहेर हो!"

सटवा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. बापाचं तोंड पाहून त्याच्या लेकीने, गोजराने, काय झालं ते विचारलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "बा, महाराज माणूसच आण म्हणाले का?"

"न्हाई. जीव म्हणाले."

"मग जेवून घे निवांत!"

सकाळी गोजरा एक झाकलेली परडी घेऊन हौदावर हजर झाली. परडीतून तिने बोटाएवढा हिरवा नाकतोडा काढला. दरबारी पोट धरधरून हसले.

"हा आमच्याशी लढणार?"

"व्हय महाराज. तुमी हौदात, ह्यो वाटीत!"

तिने नाकतोड्याचे मागचे पाय चिमटीत धरले आणि त्याचं डोकं तेवढं वाटीतल्या पाण्यात बुडवलं. महाराजांनी बुडी मारली. वर आले, तर नाकतोडा मजेत मिशा हलवतोय! पुन्हा बुडी, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला महाराज ठसकत, खोकत वर आले.

"लबाडी!" ते ओरडले. "हा श्वासच घेत नसणार!"

"घेतोय की! पोट बघा, कसं भात्यावानी हलतंय."

महाराज ओणवे होऊन पाहू लागले. पोट खरंच खालीवर होत होतं. "अगं, तोंड पाण्यात, मग श्वास येतो कुठून?"

"त्याच्या अंगाला दोन्हीकडून बारीक बारीक भोकं हायती, महाराज. तुमच्या-आमच्या घराला वाऱ्यासाठी एकच दार. ह्याच्या घराला खिडक्याच खिडक्या! दार लावलं तरी त्याचं काय अडतंय?"

महाराजांचा चेहरा काळवंडला. "म्हणजे एक किडा राजापेक्षा वरचढ?"

सटव्याने लेकीला मागे ओढलं. पण गोजराची जीभ काही अडली नाही.

"दमात वरचढ, महाराज. पण एका गोष्टीत त्यो तुमाला जन्मात हरवायचा न्हाई."

"कोणत्या?"

"त्याच्या तोंडातनं वाराच जात न्हाई. त्यामुळं हरल्यावर खदाखदा हसणं त्याला कसं जमंल? ते तुमालाच जमायचं!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, आणि ते असे हसले, असे हसले, की श्वास घ्यायलाही फुरसत मिळेना! हसता हसताच त्यांनी ती बाग सटव्याच्या नावे केली, गोजराला हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि नाकतोड्याला मानाने सोडून द्यायला सांगितलं.

सटव्याने तो पाला फस्त करणारा पाहुणा सोडला, पण आपल्या बागेत नव्हे, प्रधानजींच्या परसात!