वेळेआधी उकरलेली भट्टी

आता पाहा मुलांनो, धावड्याच्या एका रानात एक म्हातारी वानरीण आणि एक तरणंबांड अस्वल भागीत कोळसा पाडत. वानरिणीची रीत ठरलेली. झाड गुडघाभर खोड राखून तोडायचं, आणि फुटवे मनगटाएवढे जाड झाल्याखेरीज तिथे पुन्हा कुऱ्हाड न्यायची नाही. लाकडं रचून वर माती लिंपायची, आत विस्तव घालायचा आणि मग भट्टी आतून विझून निवेपर्यंत वाट पाहायची. अस्वलाला तेवढी वाट पाहणं जमत नसे. अढीतला आंबा रोज दाबून पाहणारे असतात ना, त्यातलं ते.

त्या साली थंडी अशी पडली की ओढ्याचं पाणी पायाला चावे. सशीण धावत आली. "मावशी, एक टोपली कोळसा द्या. पिल्लं गारठलीत, हलेनाशी झालीत."

वानरिणीने भट्टीवर तळहात ठेवला. "आत विस्तव जिवंत आहे गं. दोन दिवस उघडता येणार नाही. तोवर पिल्लं इथे कडेला आणून निजव, माती ऊबदार आहे." सशिणीने तिन्ही पिल्लं आणली, आणि वानरीण भेगा लिंपायला ओली माती आणायला ओढ्यावर गेली.

"दोन दिवस थंडी थांबणार आहे होय?" अस्वल म्हणालं. "धूर केव्हाच बंद झालाय. मी आत्ता काढून देतो."

"नको दादा, त्या नको म्हणाल्यात," असं सशीण म्हणते आहे तोवर त्याने पंजाने माती उकरलीसुद्धा. वारा आत शिरला. भोकातून पुरुषभर जाळ उठला आणि पिल्लांच्या बाजूची माती तडकू लागली. सशिणीने एक पिल्लू तोंडात धरून ओढलं, दुसरं ओढलं. तिसऱ्यापाशी जाळ पोचला होता. अस्वलाने मधे पंजा घातला. केस करपले, पण पिल्लू निघालं. वानरिणीने धावत येऊन चिखलाचे गोळे थापले आणि भोक बुजवलं. तोवर निम्म्याहून अधिक लाकडाची राख झाली होती.

अस्वलाने कुऱ्हाड उचलली. "चूक माझी. ही राखलेली खोडं मुळासकट काढतो, आजच दुसरी भट्टी लावू."

"आणि पुढच्या साली कशाची लावशील?" वानरीण म्हणाली. "ठेव ती कुऱ्हाड. पिल्लांना ऊब हवी आहे, ती तुझ्या अंगावर आहे. बस इथे."

भट्टी निवायला पुरते दोन दिवस लागले. ते दोन दिवस अस्वल पिल्लांना पोटाशी घेऊन जागचं हललं नाही.

तात्पर्य : ज्याला वाट पाहता येते त्याची चूल दर साली पेटते, उतावळा आजचा कोळसा जाळतो आणि उद्याचं खोडही उपटायला निघतो.