नागडा मालक ओळखायचा कसा?

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली! म्हणजे, घडली ती करिंथ शहरात, अठराशे वर्षांपूर्वी, आणि मी करिंथला कधी गेलेलो नाही. पण म्हणून काय झालं?

तर करिंथचा बडा तेलवाला व्हिबियस अडून बसला होता. त्याला ख्रिस्ती व्हायचं होतं. ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, डामास, धंद्याने चांभार, त्याला समजावत होता.

"बंधू, बाप्तिस्म्याला नदीत उतरायचं ते अंगावर सूतही न ठेवता. अंगठीसुद्धा नाही."

"आणि माझ्या शेजारी कोण?"

"दोन हमाल, एक न्हावी, बाकीचे गुलाम."

"अहो, सगळेच नागडे! मग मालक कोण ते कळणार कसं?"

"कळू नये म्हणूनच तर!"

मागे चपला धरून उभा असलेला व्हिबियसचा गुलाम झोसिमस फिस्सकन हसला. तिथेच फसला!

"हसतोस? झोश्या, आता तूच दाखव! उद्या नदीवर परक्या माणसानेसुद्धा मला मालक म्हणून ओळखलं पाहिजे. अंगावर काही नसताना! तू बोलायचं नाहीस, बोट दाखवायचं नाहीस. जमलं तर तू मोकळा. नाही जमलं, तर परवापासून दगडाच्या खाणीत!"

खाणीत गेलेला माणूस परत आल्याचं करिंथमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. झोसिमसने हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"एकच मागणं, धनी. उद्या मी पलीकडच्या काठावर उभा राहीन, आणि घरचा दुसरा नोकरही बरोबर नको. नाहीतर लोक म्हणतील, आम्हीच खुणावलं."

"मंजूर!"

दुसऱ्या सकाळी बोचरा वारा सुटला होता. सात जण पाण्यात गेले, बुडाले, वर आले. सातही सारखेच. ओले कोंबडे! काठावर सात पंचे आणि सात पांढरे अंगरखे ठेवले होते. झोसिमस पलीकडे, हात पाठीमागे बांधून गप्प.

शहरात प्रथमच आलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला डामासने पुढे बोलावलं. "आजोबा, यातला मालक कोण?"

कोळ्याने पाहिलं. सहा जणांनी भराभर पंचे उचलले, अंगं पुसली, अंगरखे चढवले. सातवा तसाच! दोन्ही हात पसरलेले, हनुवटी वर, एक पाय चपलेसाठी किंचित उचललेला, दात कडाकडा वाजताहेत.

"हे काय विचारणं झालं?" कोळी म्हणाला. "तो बघा की! पंचा पायाशी पडलाय, पण कुणी उचलून देईल याची वाट बघतोय!"

काठावर असा हशा पिकला की बगळे उडाले.

"झोश्या!" व्हिबियस पलीकडे पाहत ओरडला. "काय केलंस हे?"

"काही नाही, धनी! तीस वर्षांत आज पहिल्यांदाच काही केलं नाही!"

व्हिबियस क्षणभर लाल झाला, आणि मग पसरल्या हातांनीच खो खो हसत सुटला. "मोकळा!" म्हणाला. "जा, मोकळा!"

आता कबूल करतो, ते हसणं आणि ते "मोकळा" माझ्या पदरचं. खरं तर तोवर तो इतका कुडकुडायला लागला होता की तोंडातून शब्द फुटेना. नुसती मान तेवढी लटलट हलत होती. डामासने तोच होकार धरला, आणि सगळ्या मंडळीला साक्षीदार केलं!