सगुणेचा तांब्या

निंबळवाडीच्या बारवेत उतरताना तिसऱ्या पायरीवर एक वाटोळा खळगा दिसतो. पाहुणे त्याबद्दल विचारतातच. मग देवीचे गुरव केरबा सांगतात, हा खळगा छिन्नीचा नाही, तांब्याच्या वजनाचा आहे.

फार पूर्वी सगुणा कोळीण येसाजी पाटलांच्या घरी पाणी भरत असे. ते पाणी पाटलांच्या मळ्यातल्या झऱ्याचे. गावाला बारव होती आणि पाटलांच्या घोड्यांनाही तीच. गाव पाणी भरायला उतरे, घोडे अंघोळीला. एका उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे जुलाब-वांत्यांची साथ आली. आठवड्यात सगुणेची दोन मुले गेली. उरली एकटी गंगू.

पाटलांनी बारवेवर गाव जमवले. "देवी कोपलीय. बोकड द्यावा लागेल," ते म्हणाले. पाटलांना उपाय सुचेनासा झाला की देवी कोपत असे.

सगुणेने बारवेतून तांब्या भरला आणि तिसऱ्या पायरीवर पाटलांपुढे ठेवला.

"बोकड द्या, पाटील. पण आधी हे घ्या."

"मला तहान नाही, सगुणे."

"माझ्या दोघांना होती."

सगुणा पुढे म्हणाली, "तुम्ही हे प्यालात की गंगूला पाजीन. तोवर बारवेचा थेंब नाही. देवीची आण."

"मग पोरीनं प्यायचं काय?"

"तुम्ही पिता ते."

पाटलांनी तांब्याला हात घातला. तो हलेना म्हणे. दोन गडी लागले तरी हलेना. खालचा दगड तेवढा खचला. तांब्या होता तेवढाच होता, हात जड झाला, असेही काही जण सांगतात. पण ते पाटलांचे भाऊबंद.

दुसऱ्या दिवशी घोडे ओढ्यावर गेले. नऊ दिवस गावाने झऱ्याचे पाणी पुरवून पुरवून प्यायले आणि बारव उपसली. गाळाची पहिली पाटी येसाजींच्या डोक्यावर होती. तळाला नवे पाणी लागले तेव्हा तांब्या फुलासारखा उचलला गेला, असे सांगतात. पाटलांनी तो विसळला, भरला आणि गावादेखत रिकामा केला.

सगुणेने मात्र आणखी तीन दिवस पाटलांवर नजर ठेवली, मगच गंगूला पाजले. आण आपल्या जागी, खात्री आपल्या जागी.

आजही पाडव्याला बारवेचा पहिला तांब्या सरपंच त्याच पायरीवर बसून पितो. त्याआधी पंधरा दिवस त्याच्या अंगात गाळ काढण्याची विलक्षण भक्ती संचारते. पुढचे तीन दिवस गाव झऱ्याचे पाणी पिते आणि सकाळ-संध्याकाळ सरपंचाच्या पोटाची चौकशी करते. एवढी आपुलकी त्याला निवडणुकीतही मिळत नाही.